अनाथोथचं शेत विकत घ्या

आपल्या मराठी मंडळ्यांमध्ये साक्षीची वेळ आली की लोक उभे राहतात आणि सांगतात, मुलाला नोकरी लागली, ऑपरेशन नीट झालं, घराचा प्रश्न सुटला, प्रभूचे आभार. हे आभार मानलेच पाहिजेत. पण त्याच बाकांवर आणखीही काही माणसं बसलेली असतात. त्यांच्या मुलाला नोकरी लागलेली नसते. त्यांचं माणूस ऑपरेशनला गेलेलं असतं आणि परत आलेलं नसतं. ही माणसं साक्षीला उभी राहत नाहीत. गीत म्हणतात, अर्पण देतात, पाळकांना सलाम करून घरी जातात. मनात एक प्रश्न असतो, तो ती कोणालाही विचारत नाहीत. माझाच विश्वास कमी पडला का?

हे आवाहन आधी त्यांच्यासाठी आहे आणि मग आपल्या सगळ्यांसाठी, कारण त्या बाकावर बसायची पाळी आज ना उद्या प्रत्येकावर येते.

मला जे सांगायचं आहे ते थोडक्यात असं. आपला विश्वास देवावर असू द्या, निकालावर नको. आणि देवावर विश्वास आहे म्हणूनच, निकाल दिसत नसतानाही, हातातलं काम सोडू नका. आशा आधी मनात यावी आणि मग आपण उठावं, अशी वाट पाहत बसलं तर पुष्कळांचं आयुष्य वाट पाहण्यातच जातं. पवित्र शास्त्रातली माणसं तशी बसलेली दिसत नाहीत. ती कामाला लागलेली दिसतात, आणि काम करता करताच देवाशी भांडतातही.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 32 वा अध्याय आपल्या उपासनेत फारसा वाचला जात नाही. या आठवड्यात तो घरी, मोठ्यानं वाचा. काळ ख्रिस्तपूर्व 587 च्या सुमाराचा. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या फौजेनं यरुशलेमेला वेढा घातला आहे. आत उपासमार आहे, रोगराई आहे, आणि तटाला लागून शत्रूचे मातीचे मोर्चे चढत आले आहेत. यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, कारण शहर पडणार हे तो उघड सांगत होता आणि सिद्कीया राजाला ते ऐकवत नव्हतं. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल त्याला भेटायला येतो आणि म्हणतो, अनाथोथमधलं माझं शेत तू विकत घे, ते सोडवून घ्यायचा हक्क तुझा आहे.

अनाथोथ हे यिर्मयाचं स्वतःचं गाव, राजधानीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. राजधानीलाच वेढा पडलेला, म्हणजे भोवतालची गावं शत्रूच्या हाती गेलेली असणार. ते शेत जाऊन बघणंही शक्य नाही. जमिनीचा व्यवहार कळणारा आपल्याकडचा कोणीही शेतकरी अशा वेळी पैसे गाठीला ठेवील. यिर्मया 17 शेकेल रुपे तराजूत तोलून देतो. खरेदीखत लिहितो, त्यावर मोहोर करतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो. एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. दोन्ही प्रती तो आपला लेखनिक बारूख याच्या हाती देतो आणि चौकात बसलेल्या सगळ्यांच्या देखत सांगतो की हे मातीच्या मडक्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकलं पाहिजे. या देशात घरं, शेतं, द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील असा देवाचा शब्द होता. तो शब्द खरा धरून यिर्मयानं रोख रक्कम मोजली.

त्यापुढची गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. व्यवहार उरकल्यावर यिर्मया प्रार्थनेला उभा राहतो, आणि त्या प्रार्थनेत तो चक्क गोंधळलेला आहे. शहर शत्रूच्या हाती चाललं आहे आणि तू मला शेत विकत घ्यायला सांगतोस, असा त्याचा सूर आहे. आधी सगळं समजलं, पटलं आणि मग पैसे दिले, असं झालेलं नाही. पैसे आधी दिले. शंका नंतर बोलून दाखवली, आणि ती देवापाशीच बोलून दाखवली. ज्यांना वाटतं की शंका आली म्हणजे विश्वास गेला, त्यांनी ही प्रार्थना पुन्हा पुन्हा वाचावी.

शहर पडलं. मंदिर जळलं. यिर्मयाला त्याच्या लोकांनी पुढे मिसर देशात नेलं. त्यानं अनाथोथच्या शेतात कधी पाऊल टाकल्याचं शास्त्रात कुठेही नाही. पण एज्राच्या पुस्तकात, बंदिवासातून परतलेल्यांची जी लांबलचक यादी आपण कंटाळून ओलांडून जातो, तिच्यात अनाथोथच्या माणसांचा आकडा दिला आहे. 128. ज्या गावात कोणी फुकटही जमीन घेतली नसती, त्या गावाला 128 माणसं परतली.

याच्या अगदी उलट शिकवण आज आपल्या गावोगाव, वस्तीवस्तीत ऐकू येते. तुम्ही विश्वास ठेवा, देव तुम्हाला आरोग्य देईल, पैसा देईल, व्हिसा देईल. मिळालं नाही तर दोष तुमच्या विश्वासाचा. देणाऱ्याला घेणाऱ्याच्या हिशेबात बसवणारी ही शिकवण ऐकायला गोड आहे आणि दुःखातल्या माणसाला ती आतून मोडून टाकते. मी अशा घरांत बसले आहे जिथे माणूस गेल्याच्या तिसऱ्या दिवशी कोणीतरी येऊन विचारतं, तुम्ही मनापासून प्रार्थना केली होती ना? कृपा करून हा प्रश्न कोणत्याही घरात विचारू नका. पौलाने आपल्या शरीरातला काटा काढून टाकावा म्हणून प्रभूला तीनदा विनवलं आणि तो काटा निघाला नाही. पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणायला आपली जीभ वळेल का? गेथशेमानेच्या बागेत स्वतः प्रभू येशूने मागितलं की हा प्याला टळावा, आणि तो टळला नाही. ज्या विश्वासाच्या मध्यभागी वधस्तंभ उभा आहे, त्या विश्वासात, मागितलेलं मिळालं नाही म्हणजे देव दूर आहे, असा अर्थ काढताच येत नाही.

इथेच आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण तिच्यावाचून माणसं दगावतात. प्रार्थना सुरू केली म्हणून गोळ्या बंद करू नका. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, क्षयरोगाच्या, फिटच्या आणि मनाच्या आजाराच्याही. मनाच्या आजाराचं नाव घेतलं की आपल्याकडे लगेच भूतबाधेची भाषा सुरू होते आणि माणूस डॉक्टरपर्यंत पोचतच नाही. लूक हा वैद्य होता, पौलाने त्याला प्रिय वैद्य म्हटलं आहे, आणि त्याच्याच हातचं शुभवर्तमान आपण दर नाताळाला वाचतो. मिरजेला 1894 साली डॉ. विल्यम वानलेस यांनी मिशनचा दवाखाना सुरू केला, तो प्रार्थनेवर विश्वास नव्हता म्हणून नव्हे. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी उभं राहणं आणि गुडघे टेकणं ही दोन्ही कामं त्या परंपरेत एकाच माणसाने केली.

दुःखातल्या माणसाकडे जायचं तर कसं जायचं? ईयोबाच्या मित्रांनी एक गोष्ट फार चांगली केली. ते आले, त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि सात दिवस एक शब्दही बोलले नाहीत. आठव्या दिवसापासून त्यांनी ईयोबाला त्याचं दुःख समजावून सांगायला सुरुवात केली आणि तिथून सगळं बिघडत गेलं. पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो त्या समजावणाऱ्यांवर. तेव्हा जा, बसा, चहा तुम्हीच करा, भांडी घासून ठेवा, आणि उठताना एखादं स्तोत्र म्हणा. स्तोत्रांतली कितीतरी तक्रारीचीच आहेत. ती आपल्याला यासाठीच दिली आहेत.

आता हेतूबद्दल बोलायचं आहे. आपल्या तरुण मुलामुलींकडून एक वाक्य सारखं ऐकू येतं, माझ्या आयुष्यासाठी देवाची काय योजना आहे ते मला कळत नाही. शिबिरांतून, संमेलनांतून हा विषय इतका रंगवला जातो की एक दिवस आकाशातून आराखडा उतरेल असं त्यांना वाटू लागतं. मला जी माणसं माहीत आहेत, पुस्तकांतून आणि आपल्याच मातीतून, त्यांतल्या कोणालाही असा आराखडा मिळालेला दिसत नाही. समोर आलेली गरज त्यांनी ओळखली, एवढंच.

पंडिता रमाबाईंचं घ्या. 1870 च्या दशकातल्या दुष्काळाच्या दिवसांत त्यांनी आईवडील गमावले. बहिणीचाही मृत्यू पाहिला. मग ही मुलगी भावाबरोबर पायी देश हिंडली, पुराणं सांगत, उपाशी राहत. पुढे कलकत्त्याच्या पंडितांनी तिला पदव्या दिल्या, लग्न झालं, दोन वर्षांच्या आत नवरा गेला, पदरात मुलगी मनोरमा होती. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, ते पुढे पुण्यास नेलं. ख्रिस्ती झाल्यामुळे एकीकडे हिंदू समाजातले आधार तुटत होते, आणि दुसरीकडे मिशनच्या लोकांनाही त्यांची स्वतंत्र बुद्धी मानवत नव्हती. 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून उपाशी मुली, विधवा यांना घेऊन आल्या. शेकडो. त्यांच्यासाठी दौंडजवळ केडगावला माळरानावर 'मुक्ती' हा आश्रम उभा राहिला. विणकाम, तेलघाणा, दूधदुभतं, छपाई, शेती, सगळं बायकांच्या हातांनी.

दुष्काळात उपाशी राहिलेली मुलगीच दुष्काळातल्या मुलींना ओळखू शकली. तिच्या जखमेचा उपयोग देवाने वीस वर्षांनी केला. पण या वीस वर्षांत तिला हे ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसताना ती शिकत राहिली, लिहीत राहिली, फिरत राहिली.

मग उत्तरवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषा हाती घेतल्या, कारण साध्या बाईला समजेल अशा सोप्या मराठीत बायबल मूळ भाषांवरून यावं, असं त्यांना वाटत होतं. जवळजवळ 18 वर्षं हे काम चाललं. छपाई केडगावच्याच छापखान्यात, आश्रमातल्याच बायकांनी केली. आणि या कामाच्या शेवटी काय झालं पाहा. जिच्या हाती सगळं सोपवायचं होतं ती मनोरमा जुलै 1921 मध्ये वारली. पुढच्या एप्रिलच्या 5 तारखेला रमाबाई गेल्या. बायबल प्रसिद्ध झालं 1924 मध्ये. ज्या पुस्तकासाठी त्यांनी आपली उतरती वर्षं वेचली ते पूर्ण बांधलेलं पुस्तक त्यांच्या हाती कधी आलं नाही. एकुलती एक मुलगी गेल्यावर उरलेली पानं बाजूला ठेवली असती तरी त्यांना कोणी नावं ठेवली नसती. त्यांनी भाषांतर पुरं केलं.

टिळकांच्या घरातही हेच दिसतं. नारायण वामन टिळकांनी 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईला बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, मग स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वेळी 1900 मध्ये ख्रिस्ती झाल्या. टिळकांनी ख्रिस्तचरित्राचं महाकाव्य लिहायला घेतलं, 'ख्रिस्तायन'. थोडेच अध्याय झाले आणि 1919 मध्ये ते वारले. उरलेलं काव्य, म्हणजे बहुतेक सगळंच, लिहिलं ते शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी. आणि त्यांचं स्वतःचं 'स्मृतिचित्रे', जे मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत गणलं जातं, त्याचाही शेवटचा भाग त्यांच्या मागे मुलाला, देवदत्तांना, पुरा करावा लागला. नवऱ्याचं अपुरं काम बायकोने उचललं, आईचं अपुरं काम मुलाने. ख्रिस्ती आशा व्यवहारात कशी चालते हे मला या घराइतकं स्पष्ट कुठे दिसत नाही. माझ्या आयुष्यात हे पुरं होईल का, हा प्रश्न त्यांतल्या कोणी कामाच्या आड येऊ दिला नाही.

तुम्ही म्हणाल, ही मोठी माणसं. आम्ही कारकून, शिक्षिका, रिक्षावाले, नर्सा, घरी राहणाऱ्या बायका. म्हणून जामखेडची गोष्ट सांगते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. खेड्यातल्या गरिबांमध्ये आयुष्य घालवायचं असं ठरवूनच त्यांनी लग्न केलं. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि 1970 साली ते नगर जिल्ह्यातल्या जामखेडला येऊन राहिले, म्हणजे त्या काळात जिथे डॉक्टर बदलीवर जायलाही तयार नसत तिथे. डॉक्टर म्हणून त्यांच्याजवळ औषधं होती. लोक म्हणाले, आम्हाला आधी पाणी पाहिजे, अन्न पाहिजे. दुष्काळाची वर्षं होती. डॉक्टरांनी ते ऐकलं. दवाखान्याबरोबर विहिरी, कूपनलिका, मुलांच्या जेवणाची सोय ही कामं सुरू झाली.

शिकलेल्या परिचारिका खेड्यात राहायला तयार होईनात, तेव्हा त्यांनी गावांनाच विचारलं की तुमच्यातली एक बाई द्या. आलेल्या बायकांतल्या कितीतरी निरक्षर होत्या, पुष्कळ दलित वस्तीतल्या होत्या, काही नवऱ्यांनी टाकलेल्या. या बायका बाळंतपणं करू लागल्या, मुलांची वजनं घेऊ लागल्या, हगवण लागलेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी पाजायला आयांना शिकवू लागल्या, कुष्ठरोग ओळखू लागल्या. ज्यांना गावात सावली पडू देत नव्हते त्यांच्या हातून सवर्णांच्या घरची मुलं सुखरूप जन्माला आली. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जगभरचे लोक हे काम शिकायला जामखेडला येऊ लागले. ते सगळं खरं. पण माझ्या मनात राहतात त्या या बायका. देवाच्या योजनेबद्दल त्यांना कोणी व्याख्यान दिलं नव्हतं. त्यांच्यावर कोणीतरी विश्वास टाकला, आणि तो टाकताना त्यांची इयत्ता विचारली नाही. सेवा सर्वांना होती, कोणत्या धर्माचा म्हणून नव्हे, आणि बदल्यात काही मागणं नव्हतं.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात मला हेच दिसतं. तो माणूस समाजसेवेला निघालेला नव्हता. आपल्या कामाने प्रवासाला चालला होता. वाटेत जखमी दिसला, थांबला, तेल-द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं. दुसऱ्या दिवशी उतारशाळेवाल्याला दोन दिनार दिले, अधिक लागले तर परत येताना देईन म्हणाला, आणि आपल्या वाटेने गेला. त्याचा धंदा बुडाला नाही, त्याने घरदार सोडलं नाही. ज्यांना वाटतं की सेवा करायची तर नोकरी सोडून पूर्णवेळ सेवक व्हावं लागेल, त्यांनी हा दुसरा दिवस नीट पाहावा.

म्हणून माझी विनंती आहे की योजना शोधत बसू नका, एक घर शोधा. तुमच्या मंडळीतलं, तुमच्या इमारतीतलं, तुमच्या वस्तीतलं. ते ख्रिस्ती असायला हवं असं नाही. जिथे म्हातारं माणूस एकटं आहे, जिथे मुलगा दारूपायी बिघडतो आहे, जिथे बाई केमोथेरपीला एकटी बसने जाते. त्या एका घरी ठरलेल्या वारी जा. दहा घरं घेऊ नका, टिकणार नाही. एक घ्या आणि धरून ठेवा. पहिल्या महिन्यात काही घडणार नाही. त्यांना तुमचा हेतू काय आहे याचा संशय येईल आणि तो येणं बरोबर आहे, कारण आपल्या नावावर तसले हेतूही चिकटलेले आहेत. वर्षभर गेलात तर संशय जाईल. तिथे जाऊन प्रवचन करू नका. रेशनचं काम असेल तर रेशनच्या रांगेत उभे राहा, दवाखान्याचं असेल तर केसपेपर काढा.

आणि सोमवार ते शनिवारचं काम हेही देवापुढचंच काम आहे, हे घरात मुलांसमोर बोला. ज्याच्या हाताखाली माणसं आहेत त्याने त्यांचा पगार वेळेवर द्यावा. शिक्षकाने न समजणाऱ्या मुलासाठी थांबावं. सरकारी टेबलावर बसलेल्याने म्हाताऱ्याला पुन्हा उद्या या म्हणू नये. रविवारी बाकावर पहिल्या रांगेत आणि सोमवारी लाच घेताना त्याच बोटात क्रुसाची अंगठी, हे आपल्या शेजाऱ्यांना दिसतं. आपण किती गोड गातो हे त्यांना ऐकू येत नाही. आपण कसे वागतो एवढंच त्यांच्यापर्यंत पोचतं.

गाव सोडून पुण्या-मुंबईला, आखाती देशांत, आणखी दूर गेलेल्यांसाठी यिर्मयाचंच एक पत्र आहे, 29 व्या अध्यायात. बाबेलला नेलेल्या लोकांना तो लिहितो की तिथे घरं बांधा, बागा लावा, लेकराबाळांची लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या भल्यासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. त्या काळातले खोटे संदेष्टे सांगत होते की दोन वर्षांत सगळे परत येणार, बोचकी सोडू नका. यिर्मया 70 वर्षांचा हिशेब सांगत होता. भाड्याच्या खोलीत, परक्या देशात, आपण इथे तात्पुरते आहोत म्हणून शेजाऱ्याचं नावही विचारायचं नाही, असं जगू नका. जिथे आहात तिथे मुळं धरा.

वसईत हा शेताचा प्रश्न अक्षरशः शेताचाच होता आणि आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्याबरोबरच्या माणसांनी हरित वसईसाठी आवाज उठवला तेव्हा वाड्या, विहिरी आणि बावखलं, म्हणजे पाण्याची छोटी तळी, बुजवून इमारती येत होत्या. त्या धर्मगुरूने 'सुबोध बायबल' आजच्या मराठीत आणलं, 2020 मध्ये धाराशिवच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं, आणि जमिनीसाठी रस्त्यावरही उतरला. बायबलचं भाषांतर आणि विहिरीचं पाणी ही त्याला दोन वेगळी कामं वाटली नाहीत. 2024 च्या जुलैमध्ये ते गेले. वसईचा लढा संपलेला नाही. पुष्कळ जमीन गेली, थोडी राहिली. जी राहिली आहे तिच्यात झाड लावणं हे आजही करता येतं.

शेवटी आपल्या मंडळ्यांच्या कारभाराविषयी. आपल्याकडे जुन्या मिशनच्या जागा आहेत, शाळा आहेत, दफनभूमी आहेत, आणि त्यांच्यावरून कितीतरी ठिकाणी कोर्टात तारखा पडताहेत. दोन्ही बाजूंना ख्रिस्ती माणसं आहेत. हा वेढा बाहेरच्या कुणी घातलेला नाही. तुम्ही समितीवर असाल तर हिशेब दर महिन्याला फलकावर लावा, कोणी मागितले नसले तरी. जे कागद एकाच माणसाच्या कपाटात आहेत त्यांच्या प्रती काढून दोन ठिकाणी ठेवा. यिर्मयानेही खरेदीखताच्या दोन प्रती केल्या होत्या, साक्षीदारांसमोर. साक्षीच्या वेळी पाळकांनी कधीतरी म्हणावं की ज्यांना अजून उत्तर मिळालेलं नाही तेही बोलू शकतात, आणि मग थोडा वेळ खरोखर गप्प राहावं. कोणीतरी उठेल.

आणि शब्बाथ शाळेची, गायनाची, तिजोरीची जबाबदारी वर्षानुवर्षं ज्यांच्याकडे आहे त्या वडीलधाऱ्यांना हात जोडून सांगते. तुमची निष्ठा मंडळीला ठाऊक आहे. आता तुमच्याबरोबर विशी-पंचविशीतली एक मुलगी किंवा मुलगा घ्या. जुन्या अभंगांच्या, भजनांच्या चाली ज्या फक्त तुमच्या गळ्यात आहेत त्या त्यांच्या मोबाईलवर रेकॉर्ड करू द्या. पासबुक त्यांना वाचायला द्या, बँकेत त्यांना बरोबर न्या. ती चुकतील. चुकल्यावर सभेत त्यांची बाजू घ्यायला तुम्ही उभे राहा. पुढच्या वार्षिक सभेत तुमच्या जागी त्यांचं नाव तुम्हीच सुचवा, किल्ल्या त्यांच्या हातात द्या, आणि पहिलं वर्षभर त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसा.